सीसीटीव्हीच्या कामाचा भाव काढताना

सांगलीत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'कॅमेऱ्यामागे किती घेता?' सुरुवातीला मीही नगावर मजुरी सांगायचो. आता जागा बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही. कॅमेरा सगळीकडे त्याच भावाचा असतो. कामाचा खर्च वायरीत, शिडीवर आणि नंतर माराव्या लागणाऱ्या फेरीत असतो.

पाहणीला टेप नेतो. डीव्हीआरपासून, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यापासून, प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत वायर जिथून जाणार, तिथूनच मोजतो. नजरेला २० मीटर दिसणारं अंतर कोपरे आणि चढ-उतार धरून सहज ३० होतं. वर १० टक्के जादा. चार कॅमेऱ्यांचे मिळून ११० मीटर भरले की १२१ होतात, म्हणजे ९० मीटरचं थ्री प्लस वनचं (चित्राची एक कोअॅक्स वायर आणि सोबत तीन बारीक तारा) एक बंडल पुरत नाही. मीटरचा भाव काढताना बंडलाची किंमत मी ९० ऐवजी ८० ने भागतो, कारण शेवटचे आठ-दहा मीटरचे तुकडे कुठल्याच कामाला पुरत नाहीत. ते जोडून वापरायचे नाहीत. उघड्यावरच्या जोडात पाणी शिरलं की चित्र बिघडतं आणि फेरी आपल्या अंगावर येते.

सगळ्यात कमी कोटेशन असतं, तिथे वायर कोणती धरली आहे ते आधी बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त. दिवसा सगळं ठीक चालतं. अंधार पडला की कॅमेऱ्यातले आयआर (रात्री दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागतात, करंट वाढतो, लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही आणि नेमका रात्रीच तो बंद पडतो. म्हणून काम सोडण्याआधी कॅमेऱ्यावर हाताची ओंजळ धरून आयआर लावतो आणि कॅमेऱ्याच्या पॉवरच्या पिनेपाशी मल्टिमीटर लावतो. बारा व्होल्टच्या जागी अकराच्याही खाली दिसलं, तर वायर बदलायची किंवा सप्लाय कॅमेऱ्याजवळ द्यायचा.

जागेप्रमाणे मजुरी बदलते. गावभागातल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीला लांब बिट लागतं, वेळही जातो. कुपवाडच्या शेडमध्ये उंचीसाठी परांची लागते, तिचं भाडं वेगळं लिहितो. नदीकाठच्या पेठांत २०१९ आणि २०२१ चा पूर लोकांनी बघितला आहे. तिथे डीव्हीआर गल्ल्यापाशी न ठेवता वरच्या मजल्यावर घ्या असं मी आग्रहाने सांगतो आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वाढणारी आठ-दहा मीटर वायर आधीच धरतो.

हजेरीचं गणित असं. दोन माणसं, पेट्रोल, बिटं, गिट्टी-स्क्रू मिळून दिवसाला २,५०० खर्च धरला आणि उघड्या वायरिंगचे चार पॉइंट (एक कॅमेरा म्हणजे एक पॉइंट) झाले, तर पॉइंटला ६२५ पडतात. वायर झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीत तीनच झाले तर ८३३. हा नुसता खर्च झाला, नफा अजून धरलेलाच नाही. इथेच बरेच जण चुकतात. एकूण खर्च १०,००० असताना २० टक्के चढवून १२,००० सांगितले, तर विक्रीवर नफा १६.६७ टक्केच राहतो. गिऱ्हाइकाने पाच टक्के कमी करायला लावले की २,००० चे १,४०० उरतात. विक्रीवर २० टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८ ने भागा: १२,५००. जीएसटी त्याखाली वेगळ्या ओळीत.

हार्ड डिस्कचं आधीच बोलून घ्या. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) सतत रेकॉर्ड करत असतील तर दिवसाला सुमारे ८६ जीबी लागतात. एक टीबीत साधारण ११ दिवस बसतात. गिऱ्हाइकाच्या मनात महिना असतो.

कंपनीची वॉरंटी कॅमेऱ्याला असते. तो काढून नवा बसवायची मजुरी त्यात येत नाही, हे कोटेशनवरच लिहितो. मोबाईलवर अ‍ॅप चालू करून घरातल्या दोघा-तिघांना दाखवण्यात तास जातो, तोही मजुरीत धरतो. आणि अ‍ॅडमिन पासवर्ड कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, नाहीतर तो विसरला की नुसत्या रीसेटसाठी विट्याला फेरी होते.