विहिरीत तेल दिसेना, म्हणून ते गेलं असं नाही

जमिनीखालच्या पेट्रोलच्या टाकीला गळती लागली होती. टाकी बदलून झाली, खराब माती उपसून झाली आणि मग पाणी कुठवर बिघडलंय हे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. ते झिरपत खाली जातं आणि पाणीपातळीवर तरंगत राहतं. पण घोर लावतात ते त्यातून विरघळणारे पदार्थ: बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन, झायलीन. ते पाण्याबरोबर पुढे सरकतात. यातल्या बेंझीनमुळे कॅन्सर होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्यातल्या बेंझीनचा वास माणसाला येतो तो याच्या कितीतरी पट प्रमाण झाल्यावर. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे पाणी चांगलं’ हे कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

पहिला प्रश्न होता, पाणी वाहतंय कुठल्या दिशेला? त्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी (पाणी तपासायला पाडलेली, आत पाइप बसवलेली अरुंद भोकं) लागतात, आणि प्रत्येकीच्या तोंडाची उंची मिलिमीटरच्या हिशेबात मोजलेली हवी. चिरा असलेला पाइप पाणीपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पुरेल असा बसवून घेतला. तो सगळाच पाण्याखाली गेला, तर तरंगणारं तेल विहिरीत शिरतच नाही आणि विहीर उगाच स्वच्छ दिसते. तेल असलेल्या विहिरीत आणखी एक हिशेब करावा लागतो. ४० सेंटिमीटर पेट्रोलचा थर खालचं पाणी सुमारे ३० सेंटिमीटर दाबून धरतो. तेवढी उंची परत मिळवल्याशिवाय नकाशा काढला, तर प्रवाहाची दिशाच चुकते.

नमुने घेताना सुरुवात सर्वात स्वच्छ विहिरीपासून, तेलकट विहीर शेवटी. पंप अगदी संथ चालवायचा. तापमान, पीएच, वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचे आकडे स्थिर झाल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. बाटली ४० मिलिलिटरची, आत आम्लाचे थेंब आधीच घातलेले, म्हणजे वाटेत जिवाणू नमुना खाऊन टाकत नाहीत. पाणी काठावर फुगून उभं राहील इतकं भरायचं, पण सांडू द्यायचं नाही, नाहीतर आम्ल वाहून जातं. झाकण लावून बाटली उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि उजेडात धरून पाहायची. बुडबुडा दिसला की नवी बाटली. बेंझीन उडून त्या हवेत जातं आणि पाण्याचा आकडा खोटाच कमी येतो. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

काही फेऱ्यांनंतर पाणीपातळी चढली आणि टाकीजवळच्या विहिरीतला तेलाचा थर नाहीसा झाला. तेल आणि पाणी यांना वेगवेगळा आवाज देणारा प्रोब फक्त पाण्याचाच आवाज देत होता. जागेचे मालक खूश झाले. “मॅडम, तेल तर संपलं. आता कशाला दर वेळी बाटल्या भरताय?”

त्यांचा खर्च होत होता, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण पाणी वर चढलं की मातीच्या बारीक पोकळ्यांत तेल अडकतं. वर पाणी, खाली पाणी आणि मध्ये तेल. ते विहिरीत येऊ शकत नाही, विरघळत मात्र राहतं. त्याच विहिरीतल्या पाण्यात बेंझीन मर्यादेच्या कितीतरी वर होतं. मी पाणीपातळी, थराची जाडी आणि बेंझीन हे तीन रकाने शेजारी मांडून त्यांना दाखवले. त्यांनी पातळी उतरेपर्यंत थांबायचं मान्य केलं. पातळी उतरली आणि थर पुन्हा आला. त्यानंतर तो प्रश्न निघाला नाही.

दिलासा देणारी गोष्टही त्याच नोंदींत सापडली. बिघडलेल्या पाण्याच्या पट्ट्याच्या मध्यभागी ऑक्सिजन जवळजवळ संपलेला, नायट्रेट आणि सल्फेट कमी, विरघळलेलं लोह वाढलेलं, मिथेनही मिळालेला. म्हणजे जमिनीतले जिवाणू पेट्रोल खात होते. हा पुरावा मोलाचा, पण एका फेरीवर तो उभा राहत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये एमटीबीई (ऑक्टेन वाढवायला घालतात ते रसायन) मिसळलेलं असेल, तर ते मातीला फारसं चिकटत नाही, सहज कुजत नाही आणि बेंझीनच्या पुढे निघून जातं. म्हणून प्रवाहाच्या दिशेच्या शेवटच्या विहिरीत मी तेही तपासून घेतलं. तिथे बेंझीन आणि एमटीबीई दोन्ही सापडलेली नाहीत.

सध्या बाहेरच्या विहिरींच्या फेऱ्या कमी केल्या आहेत. टाकीजवळच्या विहिरींत मात्र पातळी सर्वात वर असताना आणि सर्वात खाली असताना, असं दोन्ही वेळा मोजमाप चालू आहे. दोन्ही पातळ्यांना बेंझीन सलग उतरताना दिसेपर्यंत काम बंद करण्याच्या अहवालावर मी सही करणार नाही, हे मालकांना सांगून ठेवलं आहे.