धावा हुकला तो दिवस

आळंदी सोडून किती दिवस झाले ते वेळापूरपर्यंत मला सांगता आलं नसतं. दिवे घाट चढलो, जेजुरीला भंडारा अंगावर घेतला, नीरेत पादुकांचं स्नान झालं, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. सगळं एकात एक मिसळून गेलंय. माळशिरस सोडल्यानंतरची ती दुपार मात्र तशीच्या तशी आठवते.

खुडूसला गोल रिंगण झालं. माउलींचा अश्व धावून गेला, टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे वाकले. मीही वाकले आणि उठताना डाव्या टाचेत कळ गेली. फोड फलटणपासूनच होता, आता पाय टेकवेना. पुढे वेळापूरच्या अलीकडे धावा होता. तुकोबांना तिथल्या उंचवट्यावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं म्हणतात, म्हणून वारकरी तिथून धावतात. गेल्या दोन्ही वाऱ्यांत मी आईबरोबर धावले होते. आता आई नाही. या वर्षी तिच्या वाटचंही धावायचं ठरवून आले होते.

दिंडी पुढे गेली. मागून येणारा जो तो "चला माउली, चला" करत होता. मला त्या शब्दाचाच राग आला. रडूही येत होतं.

रस्त्याकडेला पत्र्याचं पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या जुन्या टायरवर बसले. दुकानदार एका दिंडीच्या टेम्पोची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत होता. माझ्या टाचेकडे बघून त्याने ट्यूब बाजूला ठेवली. घमेल्यातलं काळं पाणी ओतलं, घमेलं घासलं, पिंपातलं स्वच्छ पाणी भरलं.

"पाय इकडं करा, माउली."

"अहो दादा, मी धुते ना."

त्याने ऐकलं नाही. हात रबर घासून खरखरीत झालेले, नखांच्या कडांत काळं बसलेलं, पण स्पर्श तान्ह्या मुलाला आंघोळ घालावी तसा. त्याच्या बायकोने सुई-दोरा आणला, खोबरेलात बुडवला, फोडातून आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. "दोरा काढू नका, ताई. पाणी आपसूक झिरपतंय."

"तुम्ही वारी केलीत का कधी?" मी विचारलं.

"न्हाई जमलं. आषाढात दुकान बंद ठेवलं तर दिंड्यांच्या गाड्या कोण बघणार?"

दिंडीच्या गाडीचे तो पैसे घेत नव्हता. टेम्पोवाला नोट पुढे करत होता, हा हात मागे घेत होता. भिंतीवर विठोबाची तसबीर असेल म्हणून मी बघितलं. नव्हती. पाने, कानस, सोल्युशनच्या ट्यूबा, खिळ्याला टांगलेली ठिगळं.

मी घमेलं ओतायला उचललं तसा तो घाईने म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ते." त्याने पाण्यात बोटं बुडवली, डोळ्यांना लावली. मग बाजूला ठेवलेली टेम्पोची ट्यूब त्याच पाण्यात सोडली, दाबत दाबत फिरवली. एका जागी बारीक बुडबुडे वर आले.

"सापडलं," तो म्हणाला.

तेवढ्यात लांबून एकदम गजर उठला, टाळांचा, हजारो पायांचा. धावा सुरू झाला होता. मी उठले नाही.