आखाजीचा झोका

आखाजी, रात्री साडेदहा

सकाळीच अंगणातल्या निंबाला दोर बांधला. गुड्डीला मांडीवर घेऊन झोका घ्यायचा, हे मी आठवडाभर मनात धरलं होतं. तरी विचारायला हवंच. पारदर्शक पाटी दोघींच्या मधे धरली. चार कोपऱ्यांना चार चित्रं: झोका, पाणी, झोप आणि फुली, म्हणजे यातलं काहीच नाही. पाटीआडून तिचे डोळे बघत मनात दहा मोजले. हाताला, ओठाला हुकूम पोचायला तिला वेळ लागतो. डोळेच काय ते तिचं ऐकतात.

डोळे फुलीवर थांबले.

पूर्वी मी लगेच पुन्हा विचारायचे. म्हणजे तिचं पहिलं उत्तर मीच खोडायचे. कितीदा केलं असेल!

दीड वर्षाची असताना ती ‘बाबा’ म्हणायची, मुरमुरे उचलून खायची. मग शब्द गेले, पकड गेली, हात धुतल्यासारखे एकमेकांत फिरू लागले. एका डॉक्टरांनी कागदावर मतिमंद लिहिलं. पुढे जनुक-तपासणीत कळलं, रेट सिंड्रोम. एमईसीपी२ जनुकातला बदल; बहुतेकदा तो आपोआप घडतो, आईबापाकडून येत नाही. हे समजल्यावर सासूबाईंनी ग्रहणाचा विषय पुन्हा काढला नाही.

२००७ मध्ये शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केलं, आणि लक्षणं बरीच ओसरली. म्हणजे मेंदूच्या पेशी मेलेल्या नसतात. २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मंजुरी मिळाली. त्याने काहींची लक्षणं कमी होतात, आजार मुळातून जात नाही. पण उंदरांची ती गोष्ट मी वाईट रात्री स्वतःला सांगते. श्वास रोखून ती निळी पडते त्या रात्री.

आज पाटी खाली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, “तिना पाय देख वं, कितला गार व्हयनात.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पोरीचे तळवे बर्फ! या आजारात असं होतं, मला माहीत होतं, तरी झोक्याच्या नादात हात लावून पाहिला नव्हता. सासूबाईंनी पाय चोळले, लोकरीचे मोजे चढवले. थोड्या वेळाने पाटी धरली. मी तीनपर्यंत मोजलं असेल, डोळे झोक्यावर.

बराच वेळ झुललो.

उद्या पाटीवर मोज्यांचं चित्र चिकटवायचं आहे.