त्याला सगळं दिसतं, मग डोळे कशाला तपासायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तरच लिहिते. लहान मुलांचे डोळे तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, लग्नात, रात्री अकराच्या मेसेजमध्ये, कुठेही गाठतो: 'आमच्या पिल्लाला सगळं दिसतं हो, जमिनीवरचा बारीक दोरासुद्धा उचलतो, काही तक्रार नाही, मग तपासायचं कशाला? आणि त्याला अजून अक्षरंच येत नाहीत, तर तुम्ही तपासणार तरी कसे?'

प्रश्न अगदी रास्त आहे. पण तक्रार करायची तर आधी चांगलं कसं दिसतं हे माहीत असावं लागतं ना. जन्मापासून धूसरच दिसत असेल तर त्या मुलासाठी जग असंच असतं, ते कशाला कुणाला सांगायला जाईल. आणि खरी गोची होते ती एकाच डोळ्यात दोष असला की. दोन्ही डोळ्यांनी कमी दिसत असेल तर मूल टीव्हीला नाक लावून बसतं, धडपडतं, कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येतंच, पण एक डोळा उत्तम आणि दुसऱ्याला मोठा नंबर असेल तर चांगला डोळा सगळं निभावून नेतो, मूल पळतं, चित्रं रंगवतं, तुमचा तो दोरासुद्धा उचलतं, आणि घरात कुणाला शंकासुद्धा येत नाही. यात आईबाबांचा काही दोष नसतो हो, बाहेरून दिसण्यासारखं काही नसतंच.

मग अशा डोळ्याला नंतर मोठेपणी चष्मा लावला तर नाही का चालणार? नाही, आणि का नाही ते समजलं की बाकी सगळं आपोआप पटतं. डोळा फक्त चित्र पकडतो, बघायला शिकतो तो मेंदू. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच जरा नीट दिसतं, म्हणजे कुशीत घेतल्यावर आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढंच. पुढे दोनतीन महिन्यांत ते नजर लावायला, हलणाऱ्या वस्तूमागे डोळे फिरवायला लागतं, आणि तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र करून खोली ओळखायला शिकतं. तोवर कधीमधी डोळे इकडेतिकडे जातात, त्याची काळजी नको. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर दाखवायचंच, 'मोठा झाला की जाईल तिरळेपणा' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्या वाट बघण्यातच हातातली सगळ्यात चांगली वर्षं निघून जातात.

या वर्षांत एका डोळ्याकडून सतत धूसर किंवा वेगळ्याच दिशेचं चित्र येत राहिलं तर मेंदू हळूहळू त्या डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. यालाच आपण लेझी आय किंवा आळशी डोळा म्हणतो, आणि शंभरात दोनतीन जणांना तो असतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी काही काळ बंद ठेवून पाहिली, नंतर उघडली तर डोळा ठणठणीत, पण मेंदूत त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. मोठ्या मांजरांवर हेच केलं तर असं काही झालं नाही. त्यांना 1981 चं नोबेल मिळालं, आणि आमचं हे क्षेत्र आज ज्या घाईने लहान मुलं तपासतं त्यामागे हे काम आहे. पंचविशीत लायसन्ससाठी डोळे तपासताना पहिल्यांदाच कळतं की डाव्या डोळ्याने वरच्या दोनच ओळी दिसतात, अशी माणसं माझ्याकडे येतात. डोळा आतून स्वच्छ, नंबरही बरोबर काढलेला, पण चष्मा लावून फारसा फरक पडत नाही.

आता अक्षरं येत नसताना तपासतो कसे ते सांगते, कारण लोकांना वाटतं मुलाला विचारूनच नंबर काढतात. अगदी तान्ह्या बाळाच्या डोळ्यात आधी एक छोटा प्रकाश टाकून बघतात, दोन्ही बाहुल्यांत सारखी लालसर चमक दिसायला हवी. एकीकडे पांढरट किंवा काळपट दिसलं तर ते जन्मजात मोतीबिंदू असू शकतं, क्वचित रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा कॅन्सरही, म्हणून फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली पांढरी दिसत असेल तर तो फोटो घेऊन लगेच जा, पुढच्या महिन्यात बघू असं नको.

मग येतं डोळा झाकून बघणं. मांडीवरचं सातआठ महिन्यांचं बाळ खेळण्याकडे बघत असतं, मी हळूच त्याचा एक डोळा अंगठ्याने झाकते, बाळ निवांत, खेळणं बघतंय. दुसरा झाकते आणि ते मान फिरवतं, हात ढकलतं, रडायला लागतं. अंगठा काढला की पुन्हा हसतं. पुन्हा झाकते, पुन्हा तेच. कारण या वेळी मी त्याचा बघणारा डोळा झाकलेला असतो. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा तिथल्या तिथे बदलतो, मला काही समजावून सांगावंच लागत नाही. (घरी करून बघायला हरकत नाही, पण बाळ रडलं नाही म्हणजे सगळं ठीक असं मात्र धरू नका, थोडा फरक असेल तर तो असा पकडता येत नाही.)

आणि नंबर? खोलीत अंधार करून हातातल्या रेटिनोस्कोपमधून प्रकाशाची एक पट्टी डोळ्यावरून आडवी सरकवायची, बाहुलीत केशरी चमक उमटते आणि तीसुद्धा सरकते, कधी माझ्या पट्टीच्या दिशेने, कधी उलट. मग डोळ्यासमोर एकेक भिंग धरत जायचं आणि एका भिंगाला ती चमक सरकायची थांबते, पूर्ण बाहुली एकदम उजळते. तिथे नंबर सापडला. मुलाने एक शब्दही बोललेला नसतो. मात्र याआधी ड्रॉप्स घालावे लागतात आणि त्यालाच पालक सगळ्यात जास्त नाही म्हणतात. लहान मुलांची फोकस करायची ताकद इतकी जबरदस्त असते की मोठा प्लस नंबर ती सहज लपवून टाकतात, ड्रॉप्सने तो फोकस सैल पडतो आणि खरा नंबर बाहेर येतो. थोडं झोंबतं, जवळचं काही तास किंवा दिवसभर अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही, पण ड्रॉप्सशिवाय लहान मुलाचा काढलेला नंबर मी तरी धरत नाही.

तीन वर्षांच्या आसपास चित्रं जुळवायचा खेळ जमतो. फिनलंडच्या डॉक्टर लेआ हुवारिनेन यांनी खास मुलांसाठी केलेला तक्ता आम्ही वापरतो, त्यात घर, सफरचंद, चौकोन आणि गोल एवढ्या चारच आकृती, आणि त्यांची गंमत अशी की दिसेनाशा व्हायला लागल्या की चारही गोलासारख्याच वाटतात, म्हणजे अंदाजाने सांगून चालत नाही. फक्त हाताने डोळा झाकायला सांगू नका, चांगला डोळा झाकला की पोरं बोटांच्या फटीतून हमखास बघतात, पट्टी चिकटवूनच बघावं लागतं.

कधी तपासायचं? जन्मल्यावर एकदा, पहिल्या वर्षात बाळाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि तीन ते पाच वर्षांच्या मध्ये एकदा तरी प्रत्येक डोळा वेगळा तपासून. बाळ दिवसांआधी झालं असेल तर डॉक्टर सांगतील त्याच आठवड्यात रेटिना बघून घ्या, तिथे दिवस मोजून चालतात. घरात कुणाला तिरळेपणा, लहानपणी मोठा नंबर किंवा काचबिंदू असेल, बाळाचे डोळे थरथरत असतील, मूल मान वाकडी करून बघत असेल, तर वयाचा विचारच नको.

आळशी डोळा निघाला तरी घाबरून जाऊ नका, उपाय साधा आणि जुना आहे. आधी पूर्ण वेळ चष्मा, बऱ्याच मुलांना काही आठवडे तेवढ्यानेच खूप फरक पडतो, मग गरज असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, म्हणजे तेवढा वेळ आळशी डोळ्यालाच बघावं लागतं. फ्रान्सचे निसर्ग-अभ्यासक बुफाँ यांनी 1743 मध्येच हे लिहून ठेवलंय. पूर्वी दिवसदिवस पट्टी लावायचे, पण 2003 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सात वर्षांखालच्या मुलांत, दोष मध्यम असेल तर रोज 2 तासांनी 6 तासांइतकाच फायदा दिसला. पट्टी नकोच म्हणणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्याला काही काळ धूसर दिसावं म्हणून त्यात ॲट्रोपिनचे ड्रॉप्स घालणं हाही पर्याय असतो. सातच्या आत सुरू केलं तर उत्तम, पण आठ, दहा, बारा वर्षांच्या मुलांतही सुधारणा होते, त्यामुळे 'आता उशीर झाला' असं कुणी नुसतं म्हणून सोडून दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पहिले काही दिवस मूल पट्टी ओढून काढेल, चिडेल, रडेल. त्या रडण्याने विरघळू नका प्लीज, दुसऱ्या डोळ्याने त्याला किती कमी दिसतं हेच ते सांगत असतं, आणि जसजसं दिसायला लागतं तसतशी कुरकुर कमी होते.

चष्म्याने नंबर वाढतो का, हेही बरेच जण लगेच विचारतात. नाही वाढत. मायनस नंबरच्या मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन 2002 साली मलेशियात पाहिलं होतं, त्यांचाच नंबर जास्त वाढला. मायनस लागू नये म्हणून खरंच काही करायचं असेल तर मुलांना रोज उजेडी मोकळ्या हवेत खेळू द्या, चीनमधल्या ग्वांगझूच्या काही शाळांत रोज 40 मिनिटं बाहेरचा वेळ वाढवला, तर तीन वर्षांत नवीन मायनस नंबर लागणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथे 30 टक्क्यांच्या जवळ राहिलं, वेळ न वाढवलेल्या शाळांत ते 40 च्या आसपास होतं.

आणि येताना मुलाची झोप झालेली, पोट भरलेलं असू द्या, जुना चष्मा असेल तर तो आणा, फोनमध्ये डोळा वळलेला दिसतो असा एखादा फोटो असेल तर तो शोधून ठेवा, कारण तपासताना नेमका डोळा सरळ राहतो. आणि आईबाबांनो, लहानपणी तुमचा स्वतःचा डोळा वळायचा किंवा तुम्हाला पट्टी लावलेली असेल तर ते सासरमाहेरचे लोक बसलेत म्हणून लपवू नका, मला बाजूला घेऊन सांगा.