परत आलेली अठ्ठेचाळीस पाकिटं

आषाढ वद्य षष्ठी, रात्रीचे साडेदहा. सांगली.

आज कराडला गेले होते उधारीची बाकी आणायला, घेऊन आले आमच्याच भडंगाची अठ्ठेचाळीस पाकिटं. दुकानदार भला माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. काउंटरखालून पिशवी ओढली, एक पाकीट फोडून माझ्या तळहातावर चिमूटभर भडंग ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच खाऊन बघा की." चावलं. आवाजच नाही. भडंग कुरकुरलं नाही तर उरतं काय, तिखट लावलेला भुसा. मग उधारीचा विषय मी काढलाच नाही. कुठल्या तोंडानं काढणार?

परतीच्या पॅसेंजरमध्ये पिशवी मांडीवर. किर्लोस्करवाडीला गाडी थांबली तशी समोरच्या बाकावरच्या काकांनी आपल्या नातवाला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सुरू केली. आमच्याकडे ही गोष्ट कुठेही भेटते, बचत गटाच्या मेळाव्यात तर हमखास. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो हातात धरेनात, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली, पुढं बेळगावातली जागाही सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानातल्या या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, येऊन त्यांनी कारखाना उभा केला. "याला म्हणतात चिकाटी," काका म्हणाले. नातू मोबाइल बघत होता.

मला या गोष्टीत कायम एकच विचारावंसं वाटतं. त्या दोन वर्षांत घरात चूल कशावर पेटत होती? नांगरासोबत ते कडबा कापायची यंत्रंही करायचे, हे मेळाव्यात कुणी सांगत नाही. कडब्याच्या यंत्रावर टाळ्या पडत नसतील बहुतेक.

माझ्याकडे कडब्याचं यंत्र नाही. एक भडंग आहे, तेही लसणाचं, आणि चातुर्मास लागलाय. आषाढीपासून निम्म्या घरांत कांदा-लसूण बंद. दरवर्षी होतं हे, आणि दरवर्षी मला श्रावणातच आठवतं की बिनलसणाचं काहीतरी काढायला हवं होतं. सासूबाई गेली तीन वर्षं सांगतायत, "हिंग-कढीपत्त्याचं कर, आमच्या माहेरी तसंच असायचं." मी म्हणायची, आपली ओळख लसणाची आहे. ओळख म्हणे! मुद्रा कर्जाचा हप्ता दहा तारखेला जातो, त्याला ओळख दाखवून चालत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आमचं गावभागातलं स्वयंपाकघर पाण्यात गेलं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर. पंचेचाळिसाला धोका, म्हणजे वर किती ते बघा. चुरमुऱ्याची पोती फुगून भिंतीला चिकटली होती, सीलिंग मशीन उन्हात वाळवून बघितलं, पुन्हा चालू झालं नाही ते नाहीच. आणि तरी तेव्हा मी एवढी खचले नव्हते. गल्लीत सगळेच चिखल काढत होते, कुणी चहा आणायचं, कुणी खराटा. पाणी उतरल्यावर महिन्याभरात विश्रामबागेत भाड्यानं जागा घेऊन कढई चढवली. लोक म्हणाले, काय जिद्द आहे! जिद्द कसली, सगळ्यांबरोबर वाहत गेलो आणि सगळ्यांबरोबर उठलो.

आताचं हे तसं नाही. आता काही बुडत नाही, नुसतं सादळतंय. एक दुकान महिन्याला चार डझन घ्यायचं, ते दोनवर आलं. एकानं फोन उचलणं बंद केलं. याची बातमी होत नाही आणि खराटा घेऊन कुणी येत नाही. हे म्हणतात, "दिवाळीपर्यंत बघू." गेल्या वर्षीही दिवाळीपर्यंतच बघत होतो.

जेवणं झाल्यावर ती पाकिटं जमिनीवर ओतली. कामाला येणाऱ्या काकी खरं तर साडेसहालाच घरी जातात, आज थांबल्या. पंधरा दिवस मी पावसाला दोष देत होते. हवाच दमट, आपण तरी काय करणार, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. काकींनी एक पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं आणि नखानं सीलची कड खरवडली. "हे बघा की ओ." सीलच्या पट्टीत मिरचीपुडीचा लाल कण अडकलेला. जेमतेम खसखशीएवढा. तेवढ्या जागी प्लास्टिक चिकटलंच नव्हतं. दुसरं बघितलं, तिथंही. भरताना पावडर तोंडाला लागते आणि आम्ही तशीच पट्टी दाबतो. उन्हाळ्यात खपून जातं, आषाढात दमट हवा तेवढ्याच फटीतून आत शिरते.

मला रडायला आलं आणि हसायलाही. दोन आठवडे रोज पहाटे पाचला उठून, नेमानं, एकही दिवस न चुकता, मी फुटकी पाकिटं भरत होते. यालाच मी "नेटानं धरून राहणं" म्हणत होते.

बादली भरून घेतली. आजच्याच मालातली वीस पाकिटं एकेक करून पाण्याखाली दाबली. सातांतून बुडबुडे आले. मग सासूबाईंनी माळ्यावरचं रुंद तोंडाचं जुनं नरसाळं काढून दिलं, त्यातून वीस भरली, तोंडं कोरड्या फडक्यानं पुसली, सील केली, बुडवली. दोनांतून बुडबुडे. म्हणजे अजून दोन आहेतच. पट्टीची उष्णता कमी पडत असेल, नाहीतर मशीनची टेफ्लॉन पट्टी जळाली असेल. उद्या दुकान उघडलं की ती बदलून आणायची.

कराडला फोन करायचा की नाही, ते ठरत नाहीये. नवीन माल फुकट पाठवीन म्हणावं तर खिशाला परवडत नाही, न पाठवावं तर दुकान जातं. बहुधा एक डझन पाठवीन. त्यात सहा हिंगाची.

काकी जाताना सादळलेलं भडंग मागून घेऊन गेल्या. तव्यावर परतलं की कुरकुरीत होतं म्हणाल्या. सासूबाई अजून हिंगाचा डबा शोधतायत. बाहेर पुन्हा सुरू झालाय, मोबाइलवर बघितलं, पुलाची पातळी ३१ फूट.