खारे वारे, मतलई वारे आणि कामशेतची टेकडी

गेल्या जानेवारीत कामशेतजवळच्या सरावाच्या टेकडीवरून मी पॅराग्लायडरच्या, म्हणजे पंखासारख्या कापडी छत्राच्या, दोऱ्यांना लटकून पहिल्यांदा एकट्याने हवेत गेलो, तेव्हा पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत सतरा सेकंद लागले, असे खाली उभ्या असलेल्या सहशिकाऊने मोजून सांगितले. या सतरा सेकंदांसाठी मी मुलुंडहून पहाटे निघून, दोन दिवस उन्हात छत्र उचलत आणि पुन्हा पसरत काढले होते. हे ऐकल्यावर घरच्यांनी आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती सत्तेचाळीस वर्षांच्या हिशेबतपासनिसाला शोभणारी नव्हती. तरीही पॅराग्लायडिंग शिकायला सुरुवात कशी करावी, असे विचारणारे वाढू लागल्यामुळे, ताजा नवशिका या नात्याने जे समजले ते लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे टँडेम उड्डाण आणि शिकणे यांची गल्लत करू नये. टँडेममध्ये प्रवासी पुढे बसतो, वैमानिक मागे असतो आणि प्रवाशाचे काम उतारावरून चार पावले पळण्यापुरतेच असते. मी काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी असे उड्डाण केले होते. तिथे माझ्या हेल्मेटचा पट्टा लागतो की नाही हे कुणी पाहिले नाही, पैसे मात्र दोनदा मोजून घेतले. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण काय तपासायला हवे हेच ठाऊक नव्हते. आज टेकडीवर उभे राहिल्यावर मी आधी मांड्यांचे पट्टे, मग छातीचा, मग हेल्मेटचा आणि दोन्ही कॅराबिनर, म्हणजे छत्राला जोडणाऱ्या धातूच्या कड्या, असे हाताने चाचपून पाहतो. मांड्यांचे पट्टे बांधायला विसरलेला माणूस हवेत गेल्यावर हार्नेसमधून, म्हणजे पट्ट्यांच्या आसनातून, खाली घसरू शकतो, हे एकदा ऐकले की हात आपोआप तिकडे जातो.

काही मित्रांनी विचारले की उडायचेच आहे तर इंजिन असलेले हलके विमान का नाही? त्याचा मार्ग निराळा आहे. अमेरिकेत १९८२ च्या नियमानुसार ११५ किलोपेक्षा कमी वजनाचे, एकाच आसनाचे अल्ट्रालाइट परवान्याशिवाय उडवता येते. आपल्याकडे मायक्रोलाइटची, म्हणजे अशा हलक्या विमानाची, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी लागते, उडवणाऱ्याला परवाना लागतो आणि शिवाय धावपट्टी, हँगर, इंधन हे सारे आलेच. पॅराग्लायडर मात्र पाठीवरच्या पिशवीत मावते आणि लोकलच्या डब्यातून नेता येते. हा खेळही काटकसरीतूनच रुजला: १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मिय्युसी या गावी तिघा पॅराशूटपटूंनी विमानाचे भाडे वाचवण्यासाठी डोंगरउतारावरून पळत पॅराशूट उघडून पाहिले. ही काटकसर मला जवळची वाटते.

मुंबईत मात्र या खेळाला जागा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपाल घेऊन ज्या जुहूच्या मैदानावर उतरले, ते आज इमारतींनी वेढलेले आहे आणि शहराच्या मधोमध मोठा विमानतळ आहे. ड्रोन, पॅराग्लायडर आणि तत्सम साधनांवर मनाई करणारे पोलिसांचे आदेशही शहरात वेळोवेळी निघतात. तेव्हा गच्चीवर किंवा चौपाटीवर हौस भागवण्याचा विचार कुणी करू नये. आपल्यासाठी सोयीचे ठिकाण म्हणजे मावळातले कामशेत. ठाण्याहून इंद्रायणी एक्स्प्रेसने लोणावळा आणि तिथून पुण्याकडची लोकल असा माझा रस्ता आहे. उडण्याचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सारे बंद असते.

आता मुख्य गोष्ट. शिकवणी सुरू झाली की पहिल्या दिवशी कुणी उडवत नाही, ग्राउंड हँडलिंग करवतात. सपाट माळावर छत्र पसरायचे, दोऱ्या सोडवायच्या आणि वाऱ्यात ते डोक्यावर उभे करून तिथेच धरून ठेवायचे. या कापडाला ताठ सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा कप्प्यांत शिरते आणि तिच्या दाबानेच पंखाला आकार येतो. दोऱ्या मांजाहून थोड्या जाड, पण आपले सारे वजन पेलणाऱ्या. जानेवारीत मावळातले गवत वाळलेले असते, त्यामुळे कुसळे पायमोज्यांत, बाहीत आणि छत्राच्या शिवणीतही घुसतात, आणि दोरी एखाद्या खुरट्या काटेरी झुडपात अडकली की गुंता सोडवताना लहानपणी संक्रांतीला गच्चीवर गेलेल्या दुपारी आठवतात. पतंगाची कन्नी एका बाजूला जरा आखूड बांधली की पतंग त्या बाजूला गोता खातो. इथेही एका हातातला ब्रेक, म्हणजे छत्राची मागची कड खाली ओढणारी दोरी, दोन बोटे जास्त ओढला तरी छत्र तिकडे कलते. फरक इतकाच की इथे दोरीच्या टोकाला आपण स्वतः असतो.

अकराच्या सुमारास वारा वाढला आणि एका झोताने मला पाठीवर पाडून सात-आठ फूट फरपटत नेले. आमचे सर, वयाने माझ्या मुलाएवढे आणि मला काका म्हणणारे, लांबूनच ओरडले, “काका, मागचे रायझर ओढा, मागचे!” रायझर म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे. मागचे ओढल्याबरोबर छत्र मरगळून पडले. नंतर त्यांनी शांतपणे समजावले की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. दहाच्या जागी वीस किलोमीटरचा वारा म्हणजे थोडा जास्त वारा नव्हे. शाळेत हे सूत्र मी पाठ केले असणार, पण ते कळले कोपर सोलवटल्यावर.

खरे सांगायचे तर मुंबईकराला वारा ठाऊकच नसतो. खिडकीतून येतो किंवा येत नाही, इतकीच त्याची नोंद. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांच्या आकृत्या काढून आपण गुण मिळवले, पण दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते, हे प्रत्यक्षात कधी पाहिले नाही. मावळात दुपारनंतर पश्चिमेकडचा वारा येऊन टेकडीच्या तोंडावर आदळतो आणि वर वळतो, तेव्हा त्या वर वळलेल्या पट्ट्यात घारी पंख न हलवता तरंगत राहतात. पॅराग्लायडरही त्याच पट्ट्यात टिकते. म्हणून वारा टेकडीच्या समोरून, शक्य तितका सरळ यायला हवा. पाठीमागून आला, तर कड्याच्या आडोशाला हवेच्या अदृश्य गिरक्या तयार होतात आणि तिथे छत्र मिटू शकते. दिशा बदलली की टेकडी बदलायची. आपल्या सोयीने वारा वळत नाही. अलीकडे लोकलच्या दारातून मी समोरच्या इमारतींवर वाळत घातलेल्या साड्यांकडे पाहत असतो, त्याबद्दल गैरसमज होऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा जेमतेम दहा किलोमीटर असताना, माझी पाळी आली. छत्र वर आले, वॉकीटॉकीवर “पळा काका, पळत राहा” असे ऐकू आले आणि मी नवशिक्याची ठरलेली चूक केली: पाय हलके वाटताच हार्नेसमध्ये बसायला गेलो. छत्र अजून पूर्ण वजन घेत नव्हते, म्हणून मी खाली टेकलो, पुन्हा पळालो आणि मग मात्र जमीन खरोखर खाली गेली. आवाज फक्त दोऱ्यांच्या शिळेचा. उतरताना दोन्ही ब्रेक शेवटच्या क्षणी पूर्ण ओढायचे असतात. मी ते माणसाच्या उंचीइतका वर असतानाच ओढले, गती संपली आणि गुडघ्यांवर आलो. बर्लिनजवळ स्वतःसाठी टेकडी रचून ओटो लिलिएनथाल या जर्मन ग्लायडरपटूने दोन हजारांवर उड्डाणे केली आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून तो दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्यापाशी ना राखीव छत्री होती, ना वॉकीटॉकीवरून ओरडणारे सर.

साहित्य विकत घेण्याची घाई मात्र करू नये. छत्र, हार्नेस आणि राखीव छत्री यांचा नवा संच काही लाखांत जातो आणि प्रत्येक छत्राला वजनाची मर्यादा ठरलेली असते, तीही कपडे आणि सामान धरून. नवशिक्याने युरोपीय प्रमाणीकरणातले ‘ए’ श्रेणीचे छत्र घ्यावे, कारण बिघडलेल्या स्थितीतून ते बहुधा स्वतःच सावरते. जुने स्वस्तात मिळत असेल, तर ते किती तास उन्हात राहिले हे आधी विचारावे. कापडाचा खरा शत्रू ऊन आहे.

मार्चमध्ये पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा गेलो. दुपारी तीनला पिशव्या घेऊन उंच टेकडीवर चढलो, समोर पवनेचे पाणी चकाकत होते आणि वेगमापकावर अठ्ठावीसचा आकडा होता. आमच्या छत्राचा हवेतला वेग ताशी छत्तीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पुढे सरकायला जेमतेम आठ उरतात, आणि एखादा झोत आला तर तेही नाहीत. सर दर दहा मिनिटांनी गवताच्या चार काड्या हवेत सोडून पाहत होते. गुरे घेऊन निघालेल्या एका बाबांनी थांबून आकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, “आज काय उडत न्हाई तुम्ही.” सूर्य मावळेपर्यंत आकडा चोवीसच्या खाली आला नाही. आम्ही पिशव्या पुन्हा पाठीवर घेऊन पायवाटेने उतरलो, स्टेशनबाहेर चहा घेतला आणि सरांनी माझ्या नोंदवहीत तारीख, टेकडी, वाऱ्याची दिशा आणि वेग लिहून, वेळेच्या रकान्यात शून्य मांडून खाली सही केली.