किंडरगार्टन की किंडरगार्डन?

तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या पाटीवर ‘किंडरगार्टन’ लिहायचं की ‘किंडरगार्डन’? ‘ट’च लिहा. अख्खा शब्द जर्मन आहे आणि जर्मनमध्ये बागेला ‘गार्टन’ म्हणतात.

तो घडवला जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी, 1840 साली. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात त्यांची लहान मुलांची संस्था 1837 पासून चालू होती, मनाजोगतं नाव तेवढं सापडत नव्हतं. मूल रोपासारखं आतून वाढतं, शिक्षकाने माळ्यासारखं जपायचं, हा त्यांचा विचार या नावात उतरला. बाग नुसती नावापुरती नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा होता आणि शिवाय सगळ्यांनी मिळून राखायचे सामाईक वाफे होते.

आता दोन पदं जोडणारा सांधा पाहा. ‘किंड’ म्हणजे मूल. समासात या एकाच शब्दाला कधी काहीच लागत नाही (‘किंडबेट’, बाळंतपण), कधी ‘स’ लागतो (‘किंड्सकोप्फ’, पोरकट माणूस), तर कधी ‘अर’. ‘किंडर’ हे अनेकवचन, म्हणून ‘मुलांची बाग’. पण ‘अर’ दिसला की अनेकवचनच, असं धरून चालाल तर फसाल: ‘किंडरवागन’ म्हणजे बाबागाडी, तिच्यात बहुधा एकच मूल असतं. कुठे कोणता सांधा येतो, ते शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं.

लिंगाचं मात्र सोपं आहे. ते शेवटच्या पदाचं, आपल्या तत्पुरुषासारखंच. ‘किंड’ नपुंसकलिंगी, ‘गार्टन’ पुल्लिंगी, म्हणून ‘किंडरगार्टन’ पुल्लिंगी. अनेकवचनातही शेवटचंच पद बदलतं: ‘किंडरगेर्टन’. उच्चारताना जोर पहिल्या ‘किं’वर.

1851 मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने किंडरगार्टनांवर बंदी घातली, ती 1860 मध्ये उठली. मधल्या काळात, 1856 साली, मार्गारेटे शुर्त्स यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला जर्मन भाषेतलं किंडरगार्टन सुरू केलं. इंग्रजीनेही हा शब्द न भाषांतरता, ‘ट’सकट घेतला.

मराठी शब्दच हवा असेल तर ‘बालवाडी’ लिहा. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते माँटेसरींच्या वळणाचं, फ्रोबेलच्या नव्हे. पण त्या भागात चिकूच्या बागेलाही वाडीच म्हणतात.